तोंडाचा वास म्हणजे पुरावा नव्हे

शराब हराम आहे. याबद्दल आपल्यात दुमत नाही आणि या लेखात ते उकरून काढायचेही नाही. मग दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या माणसाच्या हक्कांबद्दल आपण का बोलायचे? हा विषय काढला की समोरून पहिला प्रश्न हाच येतो. कुणी तोंडावर विचारतो, कुणी मनातल्या मनात.

उत्तर साधे आहे. आरोप झालेला प्रत्येक जण प्यायलेला नसतो. आणि जो खरोखर प्यायलेला असतो, त्यालाही शिक्षा कायद्याने व्हायची असते, नाक्यावरच्या हवालदाराच्या मर्जीने नव्हे. माणूस आपल्याला आवडत नाही म्हणून त्याच्याशी अन्याय करू नका, हा आदेश कुरआनने सूरह अल-माइदामध्ये दिला आहे. शराबला सैतानी काम ठरवणारी आयतही त्याच सूरहमध्ये आहे. एक पाळायची आणि दुसरी विसरायची, असे चालत नाही.

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश. सुरत-धुळे महामार्ग नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारी घाटातून जातो. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता शहादा, तळोदा, अक्कलकुवा असा निघतो. मिरची, पपई, केळी, ऊस, सुरतचे कापड, उसतोडीला निघालेली अख्खी कुटुंबे, सगळे याच रस्त्यांवरून. ही वाहने चालवणाऱ्यांत आपल्या मोहल्ल्यातली मुले आहेत आणि त्यांच्याहून जास्त आदिवासी तरुण आहेत. दोघांच्याही खिशात लायसन्स ही एकच पदवी असते. ते गेले की चूल बंद.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे, गाडी चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यांश ब्रेथ ॲनालायझरच्या चाचणीत आढळला तर तो गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात प्रयोगशाळेतील चाचणीसह इतर चाचण्यांची भर घातली. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. लक्षात घ्या, गुन्ह्याच्या व्याख्येतच आकडा आहे. ‘वास येत होता’, ‘डोळे लाल होते’, ‘झोकांड्या खात होता’ हे शब्द व्याख्येत नाहीत. हे शब्द संशयाला पुरतात, शिक्षेला पुरत नाहीत.

अमेरिकेत पोलीस ड्रायव्हरला रस्त्याच्या कडेला सरळ रेषेत चालायला लावतात, एका पायावर उभे करतात, डोळ्यांसमोर बोट फिरवतात. चित्रपटांत हे पाहून आपल्याकडेही काही जण तसले प्रयोग करतात. आपल्या मोटार वाहन कायद्यात अशी कसरत कुठेच नाही. त्यात श्वासाची चाचणी आहे आणि रक्ताची चाचणी आहे.

खुद्द सर्वोच्च न्यायालयाने हे १९७१ मध्येच सांगितले, आणि तेही आपल्याच राज्यातल्या खटल्यात. बच्चूभाई हसनअली करयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. डॉक्टरांनी नोंदवले होते की आरोपीच्या तोंडाला दारूचा वास येत होता, चाल अस्थिर होती, बोलणे असंबद्ध होते, बाहुल्या विस्फारलेल्या होत्या. पण रक्ताची किंवा लघवीची तपासणी केली नव्हती. तेवढ्यावरून माणूस प्यायलेलाच होता असा ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पन्नास वर्षे उलटून गेली तरी हा निकाल वकील मंडळी आजही न्यायालयात काढून दाखवतात.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ते आपल्या वाचकांना आवडेल. हाच प्रश्न फिकहच्या विद्वानांनी बारा-तेरा शतकांपूर्वी चर्चिला आहे. एखाद्याच्या तोंडाला शराबचा वास येतो, एवढ्यावर त्याला हद्दची शिक्षा देता येईल का? इमाम मालिक यांच्या मते विश्वासू साक्षीदारांनी वास ओळखला तर देता येईल. इमाम अबू हनीफा आणि इमाम शाफई यांच्या मते नुसत्या वासावर देता येणार नाही. का? कारण त्याने चूळ भरून थुंकली असेल, पाणी समजून घोट घेतला असेल, कुणी जबरदस्तीने पाजली असेल. हंबली फकीह इब्न कुदामा यांनी ‘अल-मुग्नी’त आणखी एक कारण दिले आहे: पिकलेले बोर खाल्ल्याने किंवा सफरचंदाचा रस प्यायल्यानेही तसाच वास येऊ शकतो. संशय असेल तिथे हद्द टाळा, हे तत्त्व तर मदरशातल्या पहिल्या वर्गातल्या मुलालाही ठाऊक असते.

बोराचे उदाहरण वाचून हसू येत असेल तर केरळकडे पाहा. जुलै २०२५ मध्ये तिथल्या राज्य परिवहन महामंडळाच्या पंडलम आगारात ड्यूटीवर निघालेले ड्रायव्हर ब्रेथ ॲनालायझरमध्ये ‘प्यायलेले’ निघाले. नंतर उलगडा झाला की त्यांनी जास्त पिकलेला फणस खाल्ला होता. फळातली साखर आंबली की थोडा मद्यांश तयार होतो आणि तो काही मिनिटे तोंडात राहतो. यंत्राला तोंडातला मद्यांश आणि फुप्फुसातून आलेला मद्यांश यांतला फरक कळत नाही. म्हणूनच थोडे थांबून, चूळ भरून दुसरी चाचणी घेणे याला महत्त्व आहे. तोंडातला मद्यांश असेल तर पंधरा-वीस मिनिटांत उडून जातो. रक्तातला इतक्या लवकर जात नाही. कलम २०३ मध्ये श्वासाचे ‘एक किंवा अधिक’ नमुने असे शब्द आहेत आणि पोलीस ठाण्यात नेल्यावर तिथे पुन्हा श्वासाची चाचणी देण्याची संधी मिळाली पाहिजे असेही त्यातच लिहिले आहे. ही संधी ड्रायव्हरने मागून घ्यावी. कुणी आपणहून देईल याची वाट पाहू नये.

फणस नंदुरबारला फारसा नाही. पण दशमूलारिष्ट आणि द्राक्षासव आपल्या घराघरांत आहे. आसव-अरिष्टे आंबवूनच तयार होतात, त्यांत पाच ते बारा टक्क्यांपर्यंत मद्यांश असू शकतो. होमिओपॅथीची मदर टिंक्चर, खोकल्याची काही औषधे, काही माऊथवॉश यांतही तो असतो. सर्दीने बेजार झालेला ड्रायव्हर निघताना औषधाचे झाकण तोंडात रिकामे करतो आणि पाच मिनिटांनी नाक्यावर उभा राहतो. औषधाची बाटली आणि चिठ्ठी गाडीत ठेवा, विचारल्यावर लगेच सांगा आणि ते कागदावर नोंदवून घ्या. सहा महिन्यांनी न्यायालयात पहिल्यांदा औषधाची गोष्ट सांगितली तर कोण विश्वास ठेवणार?

त्याहून गंभीर प्रकार मधुमेहाचा आहे, आणि तो आपल्या समाजाला जास्त लागू आहे. रक्तातली साखर एकदम खाली गेली की माणूस घामाघूम होतो, जीभ जड होते, पाय लटपटतात, चिडचिड करतो, प्रश्नांची उत्तरे भलतीच देतो. बघणाऱ्याला तो शंभर टक्के प्यायलेला वाटतो. रमजानमध्ये असरनंतर, इफ्तारच्या तासभर आधी, मधुमेही रोजेदार ड्रायव्हरच्या बाबतीत हे सहज घडू शकते. उपाशीपोटी तोंडाला जो आंबूस वास येतो तो वेगळाच. जुन्या, सेमीकंडक्टर पद्धतीच्या यंत्रांची ॲसिटोनमुळे गफलत होऊ शकते; फ्युएल सेलच्या यंत्रांत ती सहसा होत नाही. अशा माणसाला कोठडीत टाकले तर प्रश्न दंडाचा राहत नाही, जिवाचा होतो. मधुमेही ड्रायव्हरने खिशात तसे कार्ड ठेवावे आणि डॉक्टरांसमोर नेल्यावर साखर तपासा असे स्पष्ट म्हणावे. (आणि साखर खाली जात असताना रोजा सोडून गाडी बाजूला लावणे हे शरीअतने दिलेल्या सवलतीतच बसते. चार प्रवाशांचा जीव आपल्या हातात असताना हट्ट करणे ही परहेजगारी नव्हे.)

रोज्याचे निघालेच आहे तर सांगून टाकतो. यंत्रात फुंकर मारल्याने रोजा तुटत नाही. फुंकर बाहेर जाते, आत काही येत नाही. तपासणीपुरते थोडे रक्त दिल्यानेही तुटत नाही, असेच बहुतेक उलेमा सांगतात. तेव्हा रोज्याचे कारण पुढे करून चाचणी नाकारू नका.

नाकारण्याबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण इथे ड्रायव्हर लोकांत फार गैरसमज आहे. ‘फुंकायचेच नाही, मग पुरावाच राहत नाही’ असा सल्ला ढाब्यावर सर्रास मिळतो. तो सल्ला नुकसानीचा आहे. कलम २०३ प्रमाणे पोलिसांना वाजवी संशय असेल आणि ड्रायव्हरने चाचणीला नकार दिला तर त्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. कलम २०५ प्रमाणे, समर्थनीय कारण नसताना दिलेला नकार न्यायालयात ड्रायव्हरच्याच विरुद्ध वापरता येतो. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावू नये हा संविधानाच्या अनुच्छेद २० मधला हक्क इथे कामी येत नाही. बोटांचे ठसे, हस्ताक्षर असे नमुने देणे म्हणजे ‘साक्ष’ देणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये काठी कालू ओघड प्रकरणात ठरवले आणि रक्ताच्या नमुन्यालाही तेच तत्त्व लावले जाते. जो प्यायलेला नाही त्याच्यासाठी तर चाचणी हाच सर्वांत मोठा साक्षीदार. त्याने ती नाकारायची नाही, उलट मागायची.

३१ डिसेंबरच्या रात्री नाकाबंदीत येणाऱ्या प्रत्येकाला फुंकायला लावतात. कायद्यात ‘संशयाचे वाजवी कारण’ असे शब्द आहेत, त्यामुळे सरसकट तपासणीवर कुणाला वाद घालता येईल. माझे मत विचाराल तर तो वाद रस्त्यावर घालू नये. फुंकावे आणि पुढे जावे.

पण फुंकताना चार गोष्टी पाहाव्यात. चाचणी घेणारा पोलीस गणवेशात आहे का. मोटार वाहन विभागाचा अधिकारी असेल तर त्याला तसा अधिकार दिलेला असला पाहिजे. यंत्राला तुमच्यासमोर नवी नळी लावली का. फुंकण्याआधी यंत्र शून्य दाखवते का. आणि निकालाची छापील पट्टी निघाली का, तिच्यावर वेळ, आकडा आणि यंत्राचा क्रमांक आहे का. शून्याची गोष्ट क्षुल्लक वाटेल. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका प्रकरणात याच मुद्द्यावर ड्रायव्हरला दिलासा दिला: त्या यंत्राने कुणी फुंकण्याआधी, रिकाम्या हवेवरच, मद्यांश दाखवला होता. प्रत्येक चाचणीआधी यंत्र कोऱ्या हवेवर चालवून शून्य आल्याची खात्री करा, असे न्यायालयाने सांगितले. कलम २०३ मध्येही यंत्र केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या प्रकारचे हवे अशी अट आहे. बाजारातून आणलेले कोणतेही खेळणे चालत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे कलम, आणि तेच सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. कलम २०२. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पोलिसांनी वॉरंटशिवाय अटक केली तर अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. झाली नाही तर त्याला कोठडीतून सोडावेच लागते. दोन तास. नंदुरबार शहरात जिल्हा रुग्णालय आहे, तिथे हे जमेल. पण देवगोई किंवा चांदसैलीच्या घाटात, रात्री अकरा वाजता, पावसात पकडलेल्या माणसाचे काय? ठाण्यात डायरी उघडेपर्यंत तास जातो, गाडी मिळेपर्यंत दुसरा. म्हणून अटकेची वेळ हा या प्रकरणांतला सर्वांत मोलाचा आकडा आहे. अटकेच्या कागदावर वेळ लिहिली आहे का ते वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये. मराठी वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणावे. अटकेचे कारण सांगणे आणि घरच्यांना कळवणे हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७ आणि ४८ प्रमाणे पोलिसांचे कर्तव्य आहे. गुन्हा जामीनपात्र आहे, तेही सांगणे त्यांचे काम आहे.

रक्त घ्यायचे असेल तर ते डॉक्टरच घेणार. ड्रायव्हर महिला असेल आणि डॉक्टर पुरुष, तर दुसरी महिला हजर हवी. रक्त घेण्याची पद्धत आपल्या राज्याच्या दारूबंदी कायद्याखालील १९५९ च्या नियमांत बारकाईने दिली आहे. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसायची नाही, कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, रक्त न गोठण्याचे आणि न आंबण्याचे द्रव्य असलेल्या कुपीत ते भरायचे, कुपी बंद करून सील आणि चिठ्ठी लावायची. हे शेवटचे द्रव्य नसेल तर रक्तातली साखर आंबून कुपीतच मद्यांश तयार होऊ शकतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. शिपायाच्या पिशवीत दोन दिवस फिरलेल्या नमुन्याबद्दल काय बोलावे!

‘म्हणजे तुम्ही दारुड्यांना पळवाटा शिकवता’ असे कुणी म्हणेल. उलट आहे. पळवाट तयार होते ती कामचुकारपणामुळे, आणि ती श्रीमंतालाच सापडते. मुंबईत २८ सप्टेंबर २००२ च्या रात्री वांद्र्याच्या फुटपाथवर झोपलेल्या कामगारांवर सलमान खान यांची गाडी गेली, एक जण गेला. मेलेला माणूस आपल्यातलाच, बेकरीत राबणारा गरीब मुसलमान होता. रक्ताच्या नमुन्यात १०० मिलिलिटरला ६२ मिलिग्रॅम मद्यांश असल्याचा अहवाल होता. १० डिसेंबर २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. सोडण्याची कारणे अनेक होती, त्यातले एक म्हणजे नमुना काढल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंतच्या साखळीवर न्यायालयाचा विश्वास बसला नाही. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. याच्या उलट २००६ चे कार्टर रोडचे प्रकरण. सात मजूर ठार झाले. ॲलिस्टर परेरा याच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यांश होता, तो पुरावा टिकला, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली. पुण्यात १९ मे २०२४ ला पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. त्यानंतर ससून रुग्णालयात रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून दोन डॉक्टरांना अटक झाली. धनिकाच्या मुलाला अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून सुरुवातीला जामीन मिळाला हे साऱ्या देशाने पाहिले. धडगावच्या पिकअपवाल्याला निबंध कुणी लिहायला सांगितला असता का?

म्हणून नियम काटेकोर हवेत ही मागणी फुटपाथवर झोपणाऱ्याच्या बाजूचीही आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रात रस्त्यांवर १५,२२४ माणसे मेली. सगळी दारूने मेली नाहीत, पण जी मेली त्यांच्या घरच्यांना टिकणारा पुरावा मिळालाच पाहिजे.

आपल्या जिल्ह्याची एक खास गुंतागुंत आहे, ती सीमेची. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातमध्ये. रस्त्याने पुढे गेले की काही मिनिटांत दारूबंदीचे राज्य सुरू. गंमत अशी की दोन्हीकडचा दारूबंदी कायदा मुळात एकच, १९४९ चा मुंबई प्रांताचा. महाराष्ट्रात पिण्याचा परवाना कागदावर अजून लागतो, गुजरातमध्ये तो खरोखर लागतो. या कायद्यात गाडी चालवणे हा मुद्दाच नाही, नुसते पिणे हाच गुन्हा. आणि रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम किंवा जास्त मद्यांश निघाला की ते औषधातून आले हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. मोटार वाहन कायद्यात ३०, दारूबंदी कायद्यात ५०. एकाच रक्ताला दोन मापे. त्यामुळे चालान किंवा एफआयआर हातात आला की आधी कायदा कोणता आणि कलम कोणते ते पाहा. बचाव त्यावर ठरतो. दशमूलारिष्टाची पावती पहिल्या प्रकारात उपयोगी पडेल, दुसऱ्यात तर तीच सगळे काही.

कलम १८५ चा दुसरा भाग नशेच्या इतर पदार्थांचा आहे: गांजा, गोळ्या, कोडीनची सिरप. तिथे आकडा नाही, गाडीवर नीट ताबा ठेवण्यास असमर्थ असणे ही कसोटी आहे. ब्रेथ ॲनालायझरला यातले काही कळत नाही. आपल्या मोहल्ल्यांत दारूपेक्षा हा विळखा जास्त पसरतो आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

पैशांबद्दल. हेल्मेट नाही, सीटबेल्ट नाही, अशा गुन्ह्यांत जागेवर तडजोड शुल्क भरता येते. कलम २०० मध्ये अशा कलमांची यादी आहे. १८५ त्या यादीत नाही. म्हणजे दारूच्या आरोपात नाक्यावर ‘दंड भरून मिटवणे’ कायद्यात अस्तित्वातच नाही. ते न्यायालयातच जाते. नाक्यावर दिलेल्या दोन-तीन हजारांना दंड म्हणत नाहीत, त्याला लाच म्हणतात, आणि देणाराही त्यात अडकतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लाच देणारा आणि घेणारा दोघांचाही धिक्कार केला आहे. न प्यायलेला माणूस भीतीपोटी पैसे देतो तेव्हा तो पुढच्या ड्रायव्हरचाही भाव ठरवून जातो.

याहून मोठे नुकसान न्यायालयात होते. तालुक्याला तारीख लागते, एका तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते, मग शेजारचा सांगतो ‘गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो’. मोकळा होत नाही. कबुलीने दोषसिद्धी होते. पुढच्या वेळी पुन्हा असा आरोप आला तर तो ‘दुसरा गुन्हा’ ठरतो. लायसन्स पोलिसांनी जप्त करून परिवहन कार्यालयाकडे पाठवलेले असते, तिथे कलम १९ खाली बाजू मांडण्याची संधी मिळते. कबुली दिलेला माणूस तिथे काय मांडणार? विमा कंपनी नशेचे कारण दाखवून गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारते ते वेगळेच. तिथे तर श्वासाची किंवा रक्ताची चाचणी नसली तरी इतर परिस्थितीवरून नशा सिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस प्रकरणात म्हटले आहे. हदीसमध्ये हजरत माइज (रजि.) यांचा प्रसंग येतो. त्यांनी स्वतः गुन्हा कबूल केला, तरी प्रेषित (स.) यांनी कबुली लगेच स्वीकारली नाही, हा नशेत तर नाही ना म्हणून एकाने उठून त्यांचे तोंड हुंगून पाहिले. इतकी काळजी कबुलीबाबत घेतली गेली. आपल्याकडे कबुली ही वेळ वाचवण्याची सोय झाली आहे.

गाडीचेही असेच. प्यायलेल्याच्या हातात गाडी देऊ नये हे बरोबरच. पण ती दोन-दोन आठवडे ठाण्याच्या आवारात का सडावी? तेलंगणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले की अशा प्रकरणात पोलिसांनी गाडी अडकवून ठेवायची नाही. सोबत लायसन्स असलेला, न प्यायलेला माणूस असेल तर त्याच्याकडे द्यावी, नसेल तर नातेवाइकाला बोलवावे, तेही जमले नाही तर सुरक्षित ठेवून नंतर परत करावी. हा निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, पण आपल्या न्यायालयासमोर नक्कीच ठेवता येतो. हप्त्यावर घेतलेल्या पिकअपच्या मालकासाठी हा मुद्दा दंडापेक्षा मोठा आहे.

आणखी एक गोष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. आदिवासी म्हटला की तो प्यायलेलाच असणार, ही समजूत या जिल्ह्यात पोलिसांपुरती नाही. ती आपल्या दुकानांत, आपल्या ओट्यांवरही आहे. मोहाची दारू त्यांच्या सणा-विधींत आहे, ती आपल्याला मान्य नाही, ठीक. पण त्यावरून साताऱ्याहून उसाची गाडी घेऊन परतणारा, दोन रात्री न झोपलेला ड्रायव्हर प्यायलेला ठरत नाही. लाल डोळे झोपेनेही होतात. दाढी-टोपीवाल्याबद्दल लोक जशा समजुती बाळगतात तशाच या समजुती. सूरह अल-हुजुरातमध्ये संशय, हेरगिरी आणि पाठीमागची निंदा यांपासून एकत्रच रोखले आहे. आपल्यातल्या कुणावर असे चालान झाले की जमातीत कुजबुज सुरू होते, मुलीच्या स्थळापर्यंत बातमी पोहोचते, आणि सहा महिन्यांनी तो सुटला तर ते कुणी सांगत फिरत नाही.

जिल्हा पोलिसांकडे मागणी करायची तर ती छोटी आणि मोजता येणारी असावी. प्रत्येक यंत्राचे कॅलिब्रेशन शेवटचे कधी झाले ते ठाण्याच्या फलकावर लावा. पट्टीची प्रत ड्रायव्हरला तिथल्या तिथे द्या. धडगाव, मोलगी भागात रात्री डॉक्टर कुठे उपलब्ध आहे त्याची यादी नाकाबंदीच्या पथकाजवळ ठेवा. यात पोलिसांचे काही जात नाही, उलट त्यांचे खटले टिकतील.

मशीद कमिट्यांनी ड्रायव्हर मंडळींना महिन्यातून एकदा एखाद्या वकिलासमोर बसवावे, आणि बैठकीत आदिवासी ड्रायव्हरांनाही बोलवावे. वकिलाची फी हा अडसर नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, महिलेला आणि कोठडीत असलेल्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. अर्ज तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे करायचा असतो, आणि रात्री अटक झाली तर घरच्यांनी फिरवायचा क्रमांक १५१०० आहे.